सोळा कालवडी आणि बारा पांढरे उंदीर

सोनपेठ तालुक्यातल्या गावांत गाय किंवा म्हैस व्याली, की पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक शेजारीपाजारी वाटला जातो. घरोघर खरवस होतो. वासराच्या वाट्याला त्यातला किती चीक आला, याचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवत नाही. पुढे उन्हाळा लागतो, हिरवा चारा संपतो आणि तेच वासरू कडब्यावर, गव्हाच्या भुशावर दिवस काढते. पोट भरलेले दिसते, पण वाढ खुंटते. अंगावरचे केस राठ होतात, डोळ्यांतून पाणी वाहते, दिवेलागणीला ते समोरच्या वस्तूवर धडकते. पोट भरूनही लहान जीव वाढत का नाही, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका सरकारी गोठ्यात विचारला गेला. त्या गोठ्यात शेण आणि चारा तपासण्याच्या नोकरीवर आलेल्या एका तरुण रसायनशास्त्रज्ञाने पुढे जीवनसत्त्व ‘अ’ शोधले. आज उपकेंद्रात लहान मुलांना चमच्याने पाजले जाणारे पिवळे औषध म्हणजे तेच. त्या शास्त्रज्ञाचे नाव एल्मर मॅकॉलम.

मॅकॉलम यांचा जन्म ३ मार्च १८७९ रोजी कॅन्सस राज्यात, फोर्ट स्कॉट या गावाजवळच्या एका शेतावर झाला. आईचे शिक्षण जेमतेम होते, पण मुलांनी शिकलेच पाहिजे हा तिचा हट्ट होता. एल्मर एक वर्षाचाही झाला नव्हता, तेव्हा आई पुन्हा गरोदर राहिली आणि त्याचे अंगावरचे दूध तुटले. उकळलेले दूध आणि कुस्करलेला बटाटा एवढाच त्याचा आहार झाला. हळूहळू त्याच्या हिरड्या सुजल्या, सांधे दुखू लागले, बाळ खंगत चालले. एके दिवशी आई सफरचंदे सोलत बसली होती. तिने थोडा गर खरवडून बाळाला चाटवला. बाळाने तो आवडीने खाल्ला, म्हणून ती रोज देऊ लागली. थोड्याच दिवसांत बाळ सावरले. तो आजार स्कर्व्ही होता. उकळलेल्या दुधात उरत नाही असे काहीतरी त्या ताज्या फळात होते. त्याला आपण आज जीवनसत्त्व ‘क’ म्हणतो, पण तेव्हा त्याचे नावही कोणाला माहीत नव्हते.

मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब शेत सोडून लॉरेन्स या शहरात राहायला गेले. तिथल्या विद्यापीठात मॅकॉलम रसायनशास्त्र शिकले आणि १९०६ साली येल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. त्यांना सेंद्रिय रसायनशास्त्रात काम करायचे होते. नोकरी मिळाली ती मात्र १९०७ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथील कृषी संशोधन केंद्रात. काम होते गाईंचा चारा, दूध, रक्त, शेण आणि मूत्र यांचे रासायनिक पृथक्करण करण्याचे.

त्या काळी आहारशास्त्र म्हणजे बेरीज-वजाबाकी होती. चाऱ्यात प्रथिने किती, पिष्ट किती, स्निग्ध किती, क्षार किती आणि त्यातून उष्णता किती मिळते, एवढे मोजले की काम संपले असे मानले जाई. जर्मन शास्त्रज्ञांनी तयार केलेले तक्ते प्रमाण होते. दोन प्रकारच्या चाऱ्यांचे आकडे सारखे असतील, तर ते दोन्ही जनावरांना सारखेच मानवतील, असा त्याचा अर्थ होता.

या गणितावर मॅडिसनमधल्याच एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा विश्वास नव्हता. स्टीफन बॅबकॉक हे त्यांचे नाव. दुधातली फॅट मोजण्याची सोपी चाचणी त्यांनी १८९० साली शोधली होती. आज आपल्या डेअरीवर फॅट लावून दुधाचा भाव ठरतो, ती पद्धत जगभर रुजवण्यात त्या चाचणीचा मोठा वाटा आहे. गाईने खाल्लेला चारा आणि तिचे शेण यांचे आकडे ताडून पाहताना बॅबकॉक यांच्या लक्षात आले होते, की कागदावर चाऱ्याच्या जागी भलतेच काही ठेवले तरी गणित जुळते. मग गणितातच काहीतरी निसटत असले पाहिजे.

त्यांच्या आग्रहातून १९०७ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. १६ लहान कालवडी निवडल्या गेल्या आणि त्यांचे चार-चारचे चार गट केले. एका गटाला फक्त मक्याच्या झाडापासून मिळणारा आहार दिला, म्हणजे दाणे, त्यातला प्रथिनयुक्त भाग आणि वाळलेली पाने व ताटे. दुसऱ्याला तसाच फक्त गव्हाचा, तिसऱ्याला फक्त ओटचा आणि चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. चारही आहारांत प्रथिने व उष्मांक तक्त्याप्रमाणे सारखे होते. जुन्या शास्त्रानुसार चारही गट सारखेच वाढायला हवे होते.

वजनाच्या काट्यावर सुरुवातीला खरोखरच फार फरक दिसला नाही. पण गोठ्यात शिरणाऱ्या कोणालाही तो दिसत होता. मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत, भरलेल्या अंगाच्या होत्या. गव्हावरच्या कालवडींचे केस राठ, अंग आकसलेले, आणि काहींची दृष्टी गेलेली. ओटवरच्या आणि मिश्र आहारावरच्या या दोन्हींच्या मधल्या. खरा निकाल लागला तो गाभण राहिल्यानंतर. मक्यावरच्या गाईंनी पूर्ण दिवसांची धडधाकट वासरे दिली. गव्हावरच्या गाई तीन-चार आठवडे आधीच व्याल्या. त्यांची वासरे मेलेलीच जन्मली किंवा काही तासांत गेली. दुधाचेही तेच. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात मक्यावरच्या गाई दिवसाला सरासरी ११ किलोच्या आसपास दूध देत होत्या, गव्हावरच्या ४ किलोही नाही. पुढच्या वेळी चारा अदलाबदल करून पाहिला. गव्हावरून मक्यावर आलेल्या गाईंना चांगली वासरे झाली, आणि मक्यावरून गव्हावर गेलेल्यांना वाईट. दोष गाईंचा नव्हता, चाऱ्याचा होता.

मॅकॉलम यांनी या सगळ्याचे पृथक्करण केले. चारा तपासला, दूध तपासले, शेण तपासले. कुठेही काही सापडले नाही. गव्हाच्या आहारात नेमके काय कमी आहे, हे त्या वेळच्या रसायनशास्त्राला दिसतच नव्हते. कारण जे कमी होते त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म होते, की ते मोजण्याचे साधन अजून जन्मलेच नव्हते.

ते ग्रंथालयात बसले आणि आहाराच्या प्रयोगांचे जुने जर्मन वार्षिक अहवाल त्यांनी चाळून काढले. शुद्ध केलेली प्रथिने, पिष्ट, चरबी आणि क्षार एवढेच देऊन लहान प्राणी वाढवण्याचे अनेक प्रयत्न झाले होते आणि ते सगळे फसले होते. मॅकॉलम यांना वाट सापडली. गाय मोठी, खर्चीक, आणि तिची एक पिढी व्हायला वर्षे लागतात. उंदीर लहान, थोडे खाणारा आणि झपाट्याने वाढणारा. शुद्ध घटकांचा आहार उंदरांना द्यायचा, वाढ थांबली की एकेक पदार्थ घालून पाहायचा, आणि ज्या पदार्थाने वाढ पुन्हा सुरू होईल त्यात हरवलेली वस्तू आहे असे समजायचे. मोजण्याचे यंत्र नसेल, तर वाढणारे पिल्लू हेच यंत्र करायचे.

महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना हे अजिबात पटले नाही. केंद्र शेतकऱ्यांच्या पैशावर चालत होते आणि उंदीर हा शेतकऱ्याचा शत्रू. सरकारी धान्य उंदरांना घालणे त्यांना परवडणारे नव्हते. बॅबकॉक मात्र पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी गुपचूप काम सुरू करायला सांगितले. मॅकॉलम यांनी आधी घोड्यांच्या तबेल्यातले उंदीर पकडले, पण ते हाताळता येत नव्हते, चावत होते. मग शिकागोतल्या एका पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी स्वतःच्या खिशातून ६ डॉलर देऊन १२ पांढरे उंदीर आणले. आहार संशोधनासाठी उंदरांची वसाहत अमेरिकेत उभी राहिली ती अशी, १९०८ साली.

उंदीर सांभाळणे, रोज वजने घेणे, खाद्य बनवणे, नोंदी ठेवणे हे एकट्याचे काम नव्हते. १९०९ साली मार्गरेट डेव्हिस ही तरुणी मदतीला आली. पहिली पाच वर्षे तिने पगाराविना काम केले. विद्यापीठाने मानधन द्यावे म्हणून मॅकॉलम मागणी करत राहिले, ती मान्य व्हायला फार उशीर झाला. पुढे जगाने मान्य केलेल्या शोधाच्या निबंधावर दोघांची नावे आहेत.

तो निबंध १९१३ साली प्रसिद्ध झाला. शुद्ध प्रथिने, दुधातली साखर, क्षार आणि डुकराची चरबी यांवर उंदीर काही महिने वाढत आणि मग थबकत. त्या चरबीऐवजी लोणी दिले, किंवा अंड्याच्या बलकातला स्निग्धांश दिला, की वाढ पुन्हा सुरू होई. ऑलिव्ह तेलाने ती होत नसे. म्हणजे स्निग्ध पदार्थ सगळे सारखे नव्हते. उष्मांक तेवढेच, तरी लोण्यात असे काही होते जे ऑलिव्ह तेलात नव्हते. पुढच्या वर्षी मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी लोण्यातली ती वस्तू काढून ऑलिव्ह तेलात मिसळून दाखवली, आणि तेच तेल आता उंदीर वाढवू लागले. येल विद्यापीठात ऑस्बोर्न आणि मेंडेल हे दोघेही त्याच निष्कर्षापर्यंत पोहोचले होते, फक्त काही आठवडे उशिरा.

हिरव्या पानांतही ही वस्तू सापडली. तिला त्यांनी ‘चरबीत विरघळणारा अ घटक’ म्हटले, आणि बेरीबेरी टाळणाऱ्या दुसऱ्या घटकाला ‘पाण्यात विरघळणारा ब’. जीवनसत्त्वांना अक्षरे देण्याची आजची रीत इथून सुरू झाली. कालवडींचे कोडेही पुढे उलगडले. मक्याच्या पिवळ्या दाण्यात आणि पानांत कॅरोटीन असते, ज्यापासून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ तयार करते. गव्हाच्या दाण्यात आणि काडात ते जवळपास नसते, आणि कॅल्शियमही तोकडे पडते. गाईच्या पोटातले जिवाणू तिला ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे पुरवतात, ‘क’ ती स्वतःच बनवते. ‘अ’ मात्र तिला चाऱ्यातूनच मिळवावे लागते.

‘अ’ न मिळालेल्या उंदरांचे डोळे सुजत, कोरडे पडत आणि अखेर जात. मॅकॉलम यांनी लक्षात आणून दिले, की माणसांच्या मुलांमध्येही हाच आजार दिसतो. त्याच सुमारास डेन्मार्कमधून त्याचा मोठा पुरावा आला. तिथे दुधाचा धंदा जोरात होता, पण लोणी परदेशी विकले जाई आणि गरीब घरांतली मुले साय काढलेल्या दुधावर वाढत. कार्ल ब्लॉक या बालरोगतज्ज्ञाकडे अशी डोळे गमावत चाललेली अनेक मुले आली. साय असलेले दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल मिळाल्यावर ज्यांचे डोळे अजून वाचण्यासारखे होते ती बरी झाली. दुधाने समृद्ध असलेल्या देशात मुले आंधळी होत होती, कारण दुधातला फॅटचा भाग विकला जात होता.

मॅकॉलम यांचे सगळेच बरोबर नव्हते. १९१७ साली त्यांनी मॅडिसन सोडले, तेव्हा सहकाऱ्यांशी संबंध विकोपाला गेले होते. त्यांनी नोंदवह्या नेल्या, उंदीर मोकळे सोडले, सामूहिक काम स्वतःच्या नावावर छापले, असे आरोप झाले. हे भांडण शास्त्रीय नियतकालिकांच्या पानांपर्यंत गेले. त्याच वर्षी त्यांनी एक मोठी चूकही केली. स्कर्व्ही हा आहारातल्या उणिवेचा रोग नसून आतड्यात मळ साचल्याने होतो, असे त्यांनी गिनीपिगवरच्या प्रयोगांवरून मांडले. उंदराला स्कर्व्ही होत नाही, कारण तो ‘क’ स्वतः तयार करतो. उंदरांवर भिस्त ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाची वाट इथे चुकली. ज्याला आईने फळाचा गर चाटवून स्कर्व्हीतून वाचवले, त्यानेच त्या रोगाचे कारण चुकीचे सांगितले. इतरांच्या प्रयोगांनी ही चूक लवकरच दुरुस्त झाली.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तेव्हा सार्वजनिक आरोग्याची नवी शाळा उघडत होती. मॅकॉलम तिथे गेले आणि निवृत्तीपर्यंत राहिले. १९२२ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी कॉडचे तेल तापवून त्यात हवा सोडली. त्यातले ‘अ’ नष्ट झाले, डोळ्यांवर ते चालेना, पण मुडदूस मात्र बरा करत राहिले. म्हणजे त्यात आणखी एक वेगळे जीवनसत्त्व होते. त्याला ‘ड’ हे अक्षर मिळाले.

प्रयोगशाळेइतकाच वेळ त्यांनी लोकांशी बोलण्यात घालवला. १९१८ साली त्यांचे आहारावरचे पुस्तक निघाले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. दूध आणि हिरव्या पालेभाज्या यांना त्यांनी ‘संरक्षक अन्न’ म्हटले. धान्याने पोट भरते, पण धान्यातली उणीव भरून काढायला हे पदार्थ रोज हवेत, एवढे साधे सूत्र ते गावोगाव, वर्तमानपत्रांतून, महिला मंडळांतून सांगत राहिले. त्यांना नोबेल मिळाले नाही. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी, ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मार्गरेट डेव्हिस यांचेही त्याच वर्षी निधन झाले.

त्या १६ कालवडींनी शिकवलेले आजही आपल्या गोठ्याला लागू आहे. जीवनसत्त्व ‘अ’ गर्भात आईकडून वासराकडे फार कमी जाते. वासरू जवळपास रिकाम्या साठ्याने जन्मते आणि तो साठा भरतो चीक पिऊन. नेहमीच्या दुधापेक्षा चिकात ‘अ’ कितीतरी पटींनी जास्त असते. रोगांशी लढणारी प्रतिद्रव्येही त्यातूनच मिळतात. म्हणून वासराला जन्मल्यावर एक-दोन तासांत चीक मिळाला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. खरवस त्यानंतर उरलेल्याचा करावा. चिकातही ‘अ’ तेव्हाच येते, जेव्हा गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत हिरवे खायला मिळालेले असते. वाळत जाणाऱ्या, उन्हात पडलेल्या चाऱ्यातले कॅरोटीन रंगाबरोबर उडून जाते. पिवळा-पांढरा पडलेला कडबा पोट भरतो, ‘अ’ देत नाही. गव्हाच्या भुशाचे तर विचारायलाच नको. रोज थोडा का होईना हिरवा चारा गाभण गाईला आणि वासराला आधी द्यावा. जिथे तो मिळतच नाही, तिथे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जीवनसत्त्वाचा डोस द्यावा. तो अंदाजाने देऊ नये. ‘अ’ शरीरात साठते आणि जास्त झाले तर विषासारखे वागते.

घरातल्या मुलाचेही हेच आहे. ज्वारीची भाकरी पोट भरते, पण पांढऱ्या ज्वारीत कॅरोटीन नाममात्र असते. डेअरीवर फॅटला भाव मिळतो, म्हणून दूध डेअरीवर जाते आणि मुलाच्या कपात चहापुरते उरते. डेन्मार्कमध्ये नेमके हेच घडले होते. मेथी, पालक, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, पपई हे सारे ‘अ’ देतात, फक्त भाजीला थोडे तेल हवे, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते. सरकारी केंद्रात नवव्या महिन्यात गोवरच्या लसीबरोबर १ मिली, दीड वर्षाला २ मिली आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ मिली, असे एकूण ९ डोस मोफत मिळतात. पहिला डोस बहुतेक मुलांना मिळतो, कारण तो लसीबरोबर असतो. त्यापुढचे चुकतात, कारण मूल बरे दिसत असते. मूल संध्याकाळी चाचपडू लागले, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर बाईने मात्र ‘अ’च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, गर्भाला त्या घातक ठरू शकतात.

आणि बाळंतिणीचा चीक. काही घरांत आजही तो खराब समजून पिळून टाकला जातो आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवले जाते. गाईचा चीक आपण आवडीने खातो आणि बाळाचा टाकून देतो. दोन्ही वेळा उपाशी राहतो तो नुकता जन्मलेला जीव. बाळाला पहिल्या तासात आईच्या छातीशी घ्यावे, आणि वासराला उठता येताच गाईच्या कासेशी.